पासपोर्ट ही मेहेरबानी नाही : बॅरिस्टर छागला आणि १९६७ चा कायदा

नाशिकरोडला बिटको चौकातून जेलरोडकडे निघालं की प्रेसच्या लांब भिंती लागतात. इंडिया सिक्युरिटी प्रेस. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी इथं टपालाची तिकिटं आणि स्टँप पेपर छापायला सुरुवात केली. आज आपल्या देशाच्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिकाही इथंच छापल्या जातात. इथून त्या देशभर जातात, त्यात नाव-फोटो नंतर चढतो. कुवेत, दम्माम, दुबईला गेलेल्या प्रत्येक मुलाच्या आणि उमराहला निघालेल्या प्रत्येक आजीच्या हातातली ती निळी पुस्तिका एकदा नाशिकरोडहून निघालेली असते.

याच नाशिकरोडवरच्या, आमच्या ओळखीतल्या एका घरात मागे मोठी काळजी होती. मुलाला आखातात नोकरी लागलेली, आणि पासपोर्ट अडकलेला. काही वर्षांपूर्वीच्या एका आंदोलनात पोलिसांनी पंधरावीस जणांवर गुन्हा नोंदवला होता, त्यात याचंही नाव. केस कोर्टात पडून होती. पोलीस तपासणीचा अहवाल उलटा गेला आणि घरी पत्र आलं. मुलाचे वालिद प्रेसमधून रिटायर झालेले. ज्यांनी आयुष्यभर पासपोर्ट छापणाऱ्या कारखान्यात नोकरी केली, त्यांच्याच मुलाला पासपोर्ट मिळेना. घरात जो तो एकच सांगत होता : कुणातरी साहेबांना भेटा, हातापाया पडा.

आम्ही त्यांना म्हटलं, आधी कायदा बघू. तो कायदा १९६७ चा आहे, आणि तो झाला तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री एक मुंबईकर मुसलमान होते. महंमदअली करीम छागला. आपल्या पोरांना हे नाव आता ठाऊक नसतं, आणि मोठ्यांपैकी काहींना ते आवडत नाही. दोन्ही कारणांसाठी त्यांची गोष्ट सांगायला हवी.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत, इस्माइली खोजा घराण्यात झाला. घरचं बरं होतं, पण पाच वर्षांचे असतानाच आई गेली. घरचं आडनाव मर्चंट. ते टाकून त्यांनी छागला घेतलं. शिक्षण सेंट झेवियर्सला, मग ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात इतिहास. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टात एका नामांकित बॅरिस्टरच्या चेंबरमध्ये शिकायला बसले. ते बॅरिस्टर म्हणजे महंमदअली जिना.

त्या वेळचे जिना हिंदू-मुस्लिम एकीचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. छागला त्यांच्याबरोबर मुस्लिम लीगमध्ये काम करू लागले. १९२८ मध्ये नेहरू रिपोर्ट आला. जिना विलायतेत होते. इकडे छागलांनी लीगच्या बाजूने रिपोर्टाला पाठिंबा दिला. जिना परतल्यावर हे त्यांना मुळीच पटलं नाही. तिथून गुरू-शिष्यांचे रस्ते हळूहळू वेगळे झाले. छागला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात राज्यघटनेचा कायदा शिकवत, वकिली करत राहिले. १९४१ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला, तेव्हा विजयालक्ष्मी पंडितांच्या शिष्टमंडळात तेही होते.

मग आलं १९४७. जुने गुरू कराचीत नव्या देशाचे गव्हर्नर जनरल झाले. छागला मुंबईतच राहिले आणि त्याच ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या खुर्चीत कायमपणे बसलेले ते पहिले भारतीय. पुढे अकरा वर्षं ते तिथं होते.

ती अकरा वर्षं आपल्या घरांसाठी कशी होती हे आजही कोकणात, भिवंडीत, मालेगावात, नाशिकच्या जुन्या मोहल्ल्यांत जुनी माणसं सांगतात. कुणाचा भाऊ कराचीत, कुणाची मुलगी तिकडे दिलेली. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून इकडे यायला परमिट लागू लागलं. १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट गेलं आणि दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसा आला. बहिणीच्या लग्नाला म्हणून गेलेला माणूस परत येताना परमिटाच्या मुदतीत चुकला, की त्याला त्याच्याच गावातून उचलून सीमेपलीकडे घालवायची ताकद त्या कायद्यात होती. गुन्हा शाबीत व्हायचीही गरज नव्हती. वाजवी संशय पुरे होता.

यावरचा मोठा निकाल १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टातून आला. खटला आपल्याच राज्यातला, इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य. बहुमताचा निकाल न्या. गुलाम हसन यांनी लिहिला. परमिट नसताना आल्याबद्दल खटला भरा, शिक्षा करा, पण जो भारताचा नागरिक आहे त्याला भारतातूनच हाकलता येणार नाही. देशात राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने त्याला दिला आहे, असा त्याचा अर्थ. तेवढ्यापुरतं ते कलम रद्द झालं. एक न्यायाधीश विरोधात होते, हेही नोंदवायला हवं. हा निकाल छागलांचा नाही. पण घरी परतण्याच्या हक्काची भारतातली पहिली मोठी वीट तीच, म्हणून ती वगळून पुढे जाता येत नाही.

न्यायाधीश छागलांची दोन कामं सांगतो. पहिलं, १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला. छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने ठरवलं की धर्माधारित वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर रद्द करता येत नाहीत. मुस्लिम पर्सनल लॉच्या बचावात आपले वकील आजही या निकालाचा आधार घेतात. गंमत म्हणजे छागला स्वतः समान नागरी कायद्याचे कट्टर समर्थक होते. दुसरं, लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये ज्या सेंट्रल कोर्टात राजद्रोहाची शिक्षा झाली, तिथं १९५६ मध्ये टिळकांच्या शब्दांची शिला बसवली गेली. तिचं अनावरण मुख्य न्यायाधीश म्हणून छागलांनी केलं. आपल्याच कोर्टाचा जुना निकाल चुकला, हे त्या इमारतीत उभं राहून मान्य करणं सोपं नव्हतं.

१९५८ च्या सुरुवातीला मुंद्रा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाचे पैसे एका उद्योगपतीच्या कंपन्यांत कसे गेले, असा प्रश्न होता. छागलांनी चौकशी उघड्यावर घेतली, महिन्याभरात संपवली, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. सरकारने कारण सांगितलं पाहिजे, हा त्यांचा स्वभावच होता. पासपोर्टच्या गोष्टीत हा स्वभाव पुढे कामाला येतो. थोडा उलट्या वाटेने येतो, पण येतो.

त्यानंतर त्यांचं आयुष्य बरंचसं विमानातच गेलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला होता. दमणहून दादरा-नगर हवेलीला आपल्या मुलखातून जाण्यायेण्याचा हक्क त्यांना हवा होता. भारताच्या बाजूने तात्पुरते न्यायाधीश म्हणून छागला त्या खटल्यात बसले. निकाल १९६० मध्ये लागला. १९५८ ते १९६१ ते अमेरिकेत राजदूत होते आणि १९६२ मध्ये लंडनला उच्चायुक्त झाले. ते लंडनला असतानाच, १ जुलै १९६२ पासून, ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी उघडा असलेला दरवाजा नव्या कायद्याने अर्धा लोटून घेतला.

इकडे भारतात त्या काळी पासपोर्ट मिळणं म्हणजे काय होतं? बाहेर जायला पासपोर्ट लागणं हीच मुळात पहिल्या महायुद्धातली इंग्रजांची भानगड. १९२० चा एक कायदा होता, पण तो भारतात शिरण्यापुरता. पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाही, कशासाठी काढून घ्यायचा, याला कायदाच नव्हता. सरकारची मर्जी, एवढंच. अर्जदाराची ऐपत बघत, हमीदार मागत. गरीब, अशिक्षित, मजुरी करायला निघालेला माणूस शक्यतो दारातच थांबवला जाई. नाही म्हटलं तर का, हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. आणि हजला जाणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांना पिलग्रिम पास मिळे, जाऊन यायचं की तो संपला. हज कमिटीच्या यात्रेकरूंना सरसकट आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू लागला तो २००९ पासून. आपल्या कित्येक नाना-नानींनी आयुष्यात एकदाच परदेश पाहिला, तोही पासपोर्टशिवाय.

छागला १९६३ मध्ये दिल्लीत शिक्षणमंत्री झाले. इथं थोडं थांबतो, कारण आपल्या समाजात त्यांच्याबद्दलची नाराजी याच काळातली. १९६५ मध्ये अलीगढ विद्यापीठात कुलगुरूंवर हल्ला झाला. त्यानंतर केंद्राने वटहुकूम काढून विद्यापीठाची जुनी घटना मोडीत काढली. मंत्री छागला. मुसलमानांनीच उभारलेली संस्था मुसलमान मंत्र्याच्या हातून सरकारजमा झाली, अशी भावना देशभर पसरली. आमच्या मते ती नाराजी अगदीच चुकीची नव्हती. छागलांना समाज कायद्याच्या पुस्तकातून दिसायचा, मोहल्ल्यातून फारसा नाही. पण एका मुद्द्यावर माणूस पटला नाही म्हणून त्याचं सगळं खातं बंद करायचं, ही आपली सवयही बरी नाही.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. पासपोर्ट याच खात्याचा विषय. आणि खात्यावर एक खटला आधीच येऊन बसला होता. सतवंतसिंग साहनी नावाचे मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी. आयात परवान्याच्या अटी मोडल्याचा संशय म्हणून ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांना दोन्ही पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं. ते थेट सुप्रीम कोर्टात गेले. सरकारची बाजू अशी होती की पासपोर्ट हा सरकारचा कागद आहे, तो द्यायचा की नाही हा सरकारचा प्रश्न. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर सरकारला कारण विचारलं, त्यांचंच खातं कारण न देण्याचा अधिकार मागत होतं. छागलांची बाजू सावरायची म्हणून हे लपवण्यात अर्थ नाही.

१० एप्रिल १९६७ रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश सुब्बा राव, न्या. शेलत आणि न्या. वैद्यलिंगम यांनी सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे. ते स्वातंत्र्य कायद्याशिवाय काढून घेता येत नाही आणि पासपोर्टबाबत असा कायदाच नाही. म्हणून सरकारला तो अडवता येत नाही. मुंबई हायकोर्टाने, म्हणजे छागलांच्या जुन्या कोर्टाने, असंच आधी म्हटलेलं होतं. विरोधात गेले न्या. बचावत आणि न्या. हिदायतुल्ला. हे हिदायतुल्ला म्हणजे नागपुरात वकिली करून, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होऊन दिल्लीला गेलेले, आणि पुढच्याच वर्षी देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झालेले मोठे कायदेपंडित. पासपोर्ट मागण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे या खटल्यात कोर्टातले आपले न्यायमूर्ती आणि खात्यातले आपले मंत्री, दोघेही हरलेल्या बाजूला होते! आपला माणूस वर बसला की आपलं काम होतं, असं मानणाऱ्यांनी १० एप्रिल १९६७ ही तारीख लिहून ठेवावी. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुब्बा रावांनी राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. तिथं त्यांना डॉ. झाकिर हुसेन यांनी हरवलं. ती वेगळी गोष्ट.

आता खात्यापुढे दोन रस्ते होते. वेळ काढत बसायचं, नाहीतर कायदा करायचा. कायदा झाला, आणि झटपट झाला. ५ मे रोजी वटहुकूम निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट अधिनियम देशाच्या कायद्यात आला. हा दिवस आता सरकार पासपोर्ट सेवा दिवस म्हणून पाळतं. त्यात सरकारने आपल्यासाठी भरपूर जागा राखली. पासपोर्टची पुस्तिका ही केंद्र सरकारची मालमत्ता. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, जनहित अशी नकाराची कारणंही बरीच. पण मर्जी गेली. नकार द्यायचा तर कायद्यात लिहिलेल्या कारणासाठीच. ते कारण लेखी नोंदवायचं आणि अर्जदाराने मागितलं तर त्याची प्रत द्यायची. सुरक्षेसारख्या मोजक्या बाबीच त्याला अपवाद. बहुतेक नकारांवर अपिलाचीही सोय. १९४७ ते १९६७ अशी वीस वर्षं स्वतंत्र देशाच्या नागरिकाला हे मिळालेलं नव्हतं.

छागलांचं श्रेय किती? आमच्या मते निकालाचं श्रेय साहनी आणि सुब्बा रावांचं. कायद्याचं श्रेय काही प्रमाणात छागलांचं. कोर्टाचा निकाल कायदा करून बोथट करणारे मंत्री आपण पाहिले आहेत. इथं निदान लेखी कारण आणि अपील या दोन गोष्टी कायद्यात बसल्या.

पुढे तीनच महिन्यांत, सप्टेंबर १९६७ मध्ये, त्यांनी मंत्रिपद सोडलं. कारण भाषेचं. विद्यापीठांतून इंग्रजी काढून प्रादेशिक भाषा आणण्याची सरकारची घाई त्यांना मान्य नव्हती. मराठीतून लिहिणाऱ्या आम्हाला त्यांचं हे म्हणणं पटत नाही. पण न पटणाऱ्या धोरणाखाली खुर्ची सोडली, हे खरं. वयाच्या ६७ व्या वर्षी ते पुन्हा काळा कोट घालून सुप्रीम कोर्टात उभे राहू लागले.

आणीबाणीत मोठमोठे लोक गप्प बसले, तेव्हा हा म्हातारा बोलत होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर एक सभा ठरवली. उद्घाटक छागला, अध्यक्ष माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह. जागा जिना हॉल, म्हणजे पुन्हा जुन्या गुरूंचंच नाव. पोलिसांनी परवानगी नाकारली. वकील हायकोर्टात गेले आणि छागलांच्या जुन्या कोर्टाने पोलिसांचा हुकूम रद्द केला.

१९७७ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला आणि जनहित एवढं सांगून कारण द्यायचं नाकारलं. म्हणजे ज्यांनी आणीबाणी भोगली त्यांनीच तो जुना खेळ सुरू केला. २५ जानेवारी १९७८ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही. त्यातली पद्धत न्याय्य हवी आणि माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळायलाच हवी. १९६७ च्या कायद्याला खरा दात फुटला तो इथं. छागला तेव्हा ७७ वर्षांचे होते.

९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न होता दहन झालं. हे वाचून काही वाचक थबकतील. तो त्यांचा आणि त्यांच्या रबचा मामला. हायकोर्टात आज त्यांचा पुतळा आहे. विलेपार्ले पूर्वेला, विमानतळाच्या अंगाला, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे.

राहिला आमचा नाशिकरोडचा मुलगा. त्याला साहेबांच्या घरी पाठवायच्या ऐवजी आम्ही एका वकीलसाहेबांकडे नेलं. फौजदारी केस चालू असेल तर याच कायद्याखाली पासपोर्ट नाकारता येतो, हे खरं. पण २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्राची अधिसूचना आहे. ज्या कोर्टात केस चालू आहे त्या कोर्टाने परदेशी जायला परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली तर तेवढ्या मुदतीचा, नाही लिहिली तर साधारण एक वर्षाचा. अर्जात केस लपवायची नाही, हे वकीलसाहेबांनी दोनदा बजावलं. माहिती दडवली की नकाराचं कारण आपणच त्यांच्या हातात देतो. तीन तारखा झाल्या, परवानगी मिळाली, ती जोडून पुन्हा कागद गेले.

त्याच्या अम्मींना मात्र वेगळीच भीती. तिकडे पासपोर्ट हरवला, मालकाने दाबून ठेवला, तर पोरगं परत कसं येणार? त्यांनाही आम्ही समजावलं. पुस्तिका हरवली म्हणून नागरिकत्व हरवत नाही. तिथल्या भारतीय दूतावासात जायचं. नागरिक असल्याची खात्री पटली की ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. एकतर्फी, फक्त भारतात परतण्यापुरतं. त्याचीही तरतूद त्याच १९६७ च्या कायद्यात आहे. म्हणून पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा आणि एक फोटो फोनवर.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. वालिदांनी आधी फोटो पाहिला नाही, नाव पाहिलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून पुस्तिका उजेडात धरली, पानांवरून अंगठा फिरवला, शिवण तपासली, आणि मग मुलाच्या हातात दिली.